पाना पस्तीसवर

४ मार्च

ही वही डॉक्टरांनी दिली. औषधाच्या कंपनीची आहे, पुठ्ठ्यावर हसणारी दाढ काढलीय. दाढेला कसलं तोंड आणि कसलं हसू. म्हणाले, "बाई, पेशंटला जे सुनवावंसं वाटतं ते ह्यात लिहीत जा. तोंडावर नको." परवा एकाला मी म्हटलं होतं, घासायचा एवढा कंटाळा असेल तर सगळेच पाडून घ्या, कटकट मिटेल. तो उठून गेला तो गेलाच.

माझी शाळा चौथीपर्यंत. कुणी तपासणार नाही, तेव्हा लिहिते.

आज लिहायला कारणही आहे. वन्संचा दात हलतोय. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. त्यांची खालची दाढ गेली तेव्हा मीच मागे लागले होते, आमच्या डॉक्टरांकडून स्क्रूचा दात बसवून घ्या म्हणून. आधी हाडात खुंटा पुरतात. हाडाने तो धरला की तीन-चार महिन्यांनी वर कॅप. खुंटा आणि कॅप ह्यांना एकत्र धरतो तो मधला स्क्रू, तांदळाच्या दाण्याएवढा. सगळा खेळ त्याचा. डिसेंबरात कॅप बसली आणि आज फोन, "वहिनी, तुझ्या डॉक्टरचा दात माझ्या तोंडात पाळण्यासारखा हलतोय."

तुझ्या डॉक्टरचा! नवा होता तेव्हा गल्लीभर ओठ ओढून दाखवत होत्या. तेव्हा दात त्यांचा होता.

६ मार्च

वन्सं आल्या. डॉक्टरांनी कॅपवरचं बारीक भोक उकरलं, आत कोंबलेली पांढरी टेप काढली. नळवाले वापरतात तीच टेप, पेशंटला सांगत नाही एवढंच. खुंटा हाडात घट्ट होता. स्क्रूच सैल झालेला.

मी स्क्रूड्रायव्हरला दोरा बांधून दिला. तो नखाएवढा असतो, निसटला तर सरळ घशात. मग पाना दिला. पाना साधाच दिसतो, पण त्याच्या दांड्यावर फिरणारी रिंग असते आणि तिच्यावर आकडे. रिंग पस्तीसवर लावली की पाना तेवढ्याच जोराने आवळतो आणि कट्ट वाजून सुटतो. जास्त आवळला तर स्क्रू तुटायची भीती, कमी आवळला तर सैल होतो. डॉक्टरांना रिंग फिरवत बसावं लागत नाही. मी पाना धुऊन पाकिटात घालतानाच पस्तीसवर लावते आणि तसाच कुकरमध्ये टाकते. कुकर म्हणजे हत्यारं वाफेवर शुद्ध करायचं यंत्र. नाव मोठं आहे त्याचं, पण काम कुकरचंच.

कट्ट झालं. मग दहा मिनिटं थांबायचं. आवळलेला स्क्रू जरासा बसतो, म्हणून पुन्हा आवळायचा. घड्याळ मी बघते. वन्सं त्या दहा मिनिटांत उघड्या तोंडानेसुद्धा बोलत होत्या. शब्द कळले नाहीत, पण टोमणाच असणार, सूर ओळखीचा होता.

पुन्हा कट्ट. "आता नाही हलायचा," डॉक्टर म्हणाले.

११ मार्च

काटेवाल्याचाही सैल झाला. हा बाजारातल्या दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करतो. ह्या वर्षातला हा तिसरा.

दुपारी सूनबाई डॉक्टरांना म्हणाली, "बाबा, पाना एकदा तपासून घेऊ या का?" सूनबाई म्हणजे डॉक्टरांची सून. तीही दातांचीच डॉक्टर, दुसऱ्या खुर्चीवर बसते. मी तिथेच ट्रे पुसत होते. म्हटलं, "पाना रोज माझ्या हातात असतो, मॅडम. पान्याला काही झालेलं नाही." डॉक्टर म्हणाले, "बाई म्हणतात म्हणजे ठीकच असेल."

मिटलं.

हिला माझं काम कधी पसंत पडलं नाही. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली आणि आठवड्यात मला शिकवायला लागली. मावशी, पाना प्रत्येक वेळी उघडून धुवा, रिंग पूर्ण सैल करून ठेवा. नवाकोरा पाना होता तेव्हा. एकदा उघडला तर स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली. अर्धा तास फरशीवर पालथी पडून शोधत होते. तेव्हापासून उघडत नाही. बाहेरून घासून लख्ख करते. आणि सैल करून ठेवायचा म्हणजे काय, पेशंट तोंड वासून बसलेला असताना म्हाताऱ्या डॉक्टरांनी चष्मा सावरत आकडा शोधायचा? हिला काय, हिचे डोळे तरुण आहेत.

१९ मार्च

सूनबाईने कागद काढला. दोन वर्षांत किती स्क्रूचे दात बसवले, कुठले सैल झाले. बसवले एकतीस, सैल झाले पाच. पाचही गेल्या वर्षभरात बसवलेले. त्याआधीचे सगळे पक्के.

"म्हणजे वर्षभरात काहीतरी बदललंय," ती म्हणाली.

"हो," डॉक्टर म्हणाले. "बदललंय."

कागद घडी करून त्यांनी खिशात घातला आणि हातही खिशातच राहिला. संध्याकाळचे सहाही पेशंट होईपर्यंत तो बाहेर काढला तो कामापुरताच. मला वाटतं सूनबाईचाच राग आला असणार. ह्या पाचांतले दोन तिने बसवलेत, ते सांगायची हिंमत झाली नाही तिला. मीच जाता जाता डॉक्टरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "तिचे हात चांगले आहेत, बाई." असा माणूस, सुनेला कमी लेखू देत नाही.

२१ मार्च

डॉक्टरांना कसली लहर येते कळत नाही. सकाळी दार उघडायला गेले तर ते माझ्या आधीच येऊन बसलेले. समोर सुई आणि दोऱ्याचं रीळ. म्हटलं, द्या, बटण लावून देते. म्हणाले बटण नाही तुटलं. मग सुई कशाला? म्हणाले, "सहज."

नंतर पाणी मागितलं. मी अर्धा ग्लास आणला तर म्हणाले काठोकाठ भरून आणा. आणला. तो हातात धरून खिडकीशी उभे राहिले आणि प्यायलेच नाहीत. परत ठेवून दिला. बेसिनमध्ये ओतावा लागला.

२७ मार्च

आज मास्तरीण आली, तीही आमची स्क्रूच्या दाताचीच पेशंट. खडूच्या डबीत कॅप घेऊन. शाळेत मुलांवर ओरडताना कॅप तोंडातून उडाली आणि पहिल्या बाकाखाली गेली. "चाळीस पोरं रांगत होती माझा दात शोधायला," म्हणाली. "ज्याला सापडला त्याला वर्गाने टाळ्या दिल्या." ती हसत होती, पण डोळे भरलेले. म्हणाली, आता फळ्याकडे तोंड करून शिकवते.

डॉक्टरांनी तिची माफी मागितली. उभं राहून, हात जोडून. मला ते बघवलं नाही. मी खडूची डबी धुवायला घेतली, खरं तर ती धुवायची काही गरज नव्हती.

कॅप बसवताना त्यांनी पाना तीनदा लावला. तीनदा कट्ट.

२ एप्रिल

वाईट दिवस.

दुपारच्या सुट्टीत डॉक्टरांनी आम्हा दोघींना बसवलं. मला म्हणाले खुर्चीवर बसा, मी स्टुलावर बसले. म्हणाले, "ह्या महिन्याच्या अखेरीला मी काम थांबवतोय. सगळंच."

सूनबाई म्हणाली, "बाबा, पाच-सहा स्क्रूंसाठी?"

"स्क्रू लहान आहे म्हणूनच हाताचं खरं त्यात कळतं. माझा हात कापत असणार. कापला की स्क्रू तिरका बसतो, पाना कट्ट म्हणतो आणि आपण फसतो. रोज सकाळी सुईत दोरा ओवून बघतो. कधी जातो, कधी नाही जात. कधी कधी जातो हे पेशंटला पुरत नाही."

"पण दोन तर मी बसवलेत."

"मी शेजारी उभा राहून बसवलेत. शिकवलंही मीच."

म्हणजे ती सुई त्यासाठी होती. आणि मी बटण शोधत होते.

मी म्हटलं, "डॉक्टर, बावीस वर्षं बघतेय, तुमचा हात कापत नाही." ते म्हणाले, "बाई, तुम्ही माझ्या बाजूच्या आहात." ह्यात चुकलं काय? बाजूची आहे म्हणून आंधळी आहे का मी?

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, साठी उलटली, आराम करू दे की त्यांना. माणसाला घरी बसवणं म्हणजे आराम असं वाटणाऱ्या माणसाशी काय बोलायचं.

५ एप्रिल, शनिवार

काटेवाला पुन्हा. पुन्हा सैल. बाहेर बाकावर बसल्या बसल्या मला विचारतो, "ताई, तुमच्या त्या कट्ट वाजणाऱ्या पान्याला शिक्का कधी मारला होता?"

"कसला शिक्का?"

"तपासणीचा. माझ्याकडे भाजीवाल्याचा काटासुद्धा दर वर्षी तपासून शिक्का मारून जातो. तुमचा पाना माणसाच्या तोंडात जातो, त्याला शिक्का नको?"

"भाजीवाले चोर असतात. आमचे डॉक्टर नाहीत."

"चोर माणूस नसतो ताई, स्प्रिंग असते. तिला कायम दाबून ठेवलं की ती दमते. माणसाला कळतही नाही. तुम्ही तो ठेवता कसा?"

मी म्हटलं, आत जा, तुमचा नंबर आला. आला नव्हता.

माझ्या हत्याराला नाव ठेवतो! सोमवारी जेवणाच्या सुट्टीत पाना घेऊन जाते त्याच्या दुकानात आणि त्याच्याच काट्यावर त्याचं तोंड बंद करते.

७ एप्रिल, सोमवार

गेले होते.

दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहतील एवढं. भिंतभर काटे टांगलेले. सगळे रिकामे, एकाही पारड्यात काही नाही. मी म्हटलं, धंदा बसलाय वाटतं. तो म्हणाला, "काटा रिकामाच टांगायचा असतो."

त्याने पान्याचं डोकं शेगड्यात धरलं, म्हणजे टेबलाला बसवलेल्या त्या लोखंडी जबड्यात. दांडा आडवा ठेवला. रिंग पस्तीसवर होतीच. पट्टीने मोजून दांड्यावर एक खूण केली, कागदावर काहीतरी हिशेब मांडला आणि म्हणाला, "इथे वजन टांगलं तर पाचशे ग्रॅमच्या आसपास सुटायला हवा. बघा हं."

शंभर टांगलं. काही नाही. मी म्हटलं, बघा.

दोनशे. काही नाही.

तीनशे टांगलं आणि कट्ट.

मी म्हटलं, धक्का लागला तुमचा. त्याने पुन्हा केलं. तीनशेला कट्ट. मग म्हणाला, तुम्ही टांगा. मी टांगलं, माझ्या हाताने, अगदी हळू. तीनशेलाच.

"पस्तीस लिहिलंय आणि देतोय वीस," तो म्हणाला. "माझा दात का हलतो ते कळलं. ताई, ह्याला कायम ताणून ठेवून वर वाफा देणारा कोण शहाणा आहे तुमच्याकडे?"

"आहे एक," मी म्हटलं.

तो बघत राहिला माझ्याकडे. मग नजर वळवून वजनं पुसायला लागला. पुसलेलीच होती ती.

परत येऊन पाना धुतला, पाकिटात घातला. रिंग कुठे ठेवावी ते कळेना. हात आपोआप पस्तीसवर गेला. मग सैल केली. सैल करून काय उपयोग, जे दमायचं ते दमलं.

जेवले नाही.

८ एप्रिल

सांगितलं नाही.

सकाळी सांगणार होते तर पेशंट होते. दुपारी सूनबाई समोर होती. तिच्यासमोर नाही. तिने दोन वर्षांपूर्वी सांगितलेलं, हे शब्द तिच्या तोंडून ऐकायचे आणि मान खाली घालायची? ती आली तेव्हा मी इथे वीस वर्षं होते. वीस वर्षं हत्यारं मी सांभाळली, एक सुई हरवू दिली नाही.

एवढं मात्र केलं. डॉक्टरांना म्हटलं, "जुना झालाय पाना, एक नवा मागवू या का?"

"आता कशाला, बाई? मीच चाललोय. आणि तुम्हीच म्हणालात ना, पाना ठीक आहे."

मी हो म्हटलं. हो म्हटलं मी. माझ्या तोंडाला लगाम नाही म्हणून लोक निघून जातात आणि आज हवं तेव्हा तोंड उघडलं नाही.

९ एप्रिल

वन्संना फोन केला. म्हटलं, त्या बाजूने काही चावू नका काही दिवस. "का गं?" म्हटलं, सहज, काळजी म्हणून. "तुला माझी काळजी? वहिनी, बरी आहेस ना?" आणि हसत बसल्या. सांगितलं की उलटं करायचं हा त्यांचा लहानपणापासूनचा गुण.

डॉक्टरांनी आज पेशंटच्या याद्या सूनबाईला द्यायला घेतल्या. कुणाला इंजेक्शनची भीती वाटते, कुणाला आवाजाची, कुणाला नुसतं बोलत राहिलं की बरं वाटतं. सगळं तोंडपाठ. ती लिहून घेत होती आणि मधेच उठून बाथरूममध्ये गेली. बाहेर आली तेव्हा चेहरा धुतलेला. मला वाटलं होतं हिला आनंद होईल, सगळं हिचंच होणार.

उद्या सांगते. एकटे सापडले की.

१० एप्रिल

एकटे सापडले होते. दहा मिनिटं. मी कापसाचे बोळे वळत बसले.

संध्याकाळी वन्संचा फोन. ह्या वेळी टोमणा नाही. "वहिनी, काहीतरी मोडलं. चावले आणि कडकन आवाज आला. कॅप हातात आलीय आणि तिच्यात स्क्रूचा अर्धाच तुकडा आहे." आवाज बारीक झालेला. वन्संचा आवाज बारीक झालेला मी सासरे गेले तेव्हा ऐकला होता, त्यानंतर आजच.

सैल स्क्रू प्रत्येक घासाला वाकतो. वाकून वाकून तुटतो. हे मला ठाऊक आहे, डॉक्टरांना पेशंटला समजावताना शंभरदा ऐकलंय. मंगळवारी बोलले असते तर बुधवारी त्यांना बोलावून कॅप काढून ठेवता आली असती.

११ एप्रिल, शुक्रवार

सगळं लिहिते.

वन्सं सव्वादहाला आल्या. एक्स-रे काढला. स्क्रूचा उरलेला अर्धा भाग खुंट्याच्या आत, खोल. तो निघाला तर नवा स्क्रू घालता येतो. काढताना खुंट्याच्या आतले आटे खरवडले गेले तर खुंटा बाद, मग हाड कोरून तो काढायचा, हाड भरेपर्यंत थांबायचं आणि पहिल्यापासून सुरू. वन्संना साखरेचा त्रास आहे. पहिल्या वेळी जखम भरायला किती दिवस लागले ते मी बघितलंय.

डॉक्टर म्हणाले, "सूनबाई, तू काढ."

"बाबा, मी असा तुकडा एकदाच काढायला घेतला होता. शिकत असताना. आटे गेले त्याचे. तुम्ही काढा. तुम्ही सात काढलेत."

"ते हात वेगळे होते."

"मी नाही करणार. तुम्ही असताना मी नाही करणार."

"समज, मी नाहीये."

वन्सं खुर्चीत आडव्या. इकडून तिकडे डोळे फिरवत होत्या. म्हणाल्या, "अहो, पहिले आप पहिले आप काय लावलंय? कुणीतरी एकाने करा. नाहीतर वहिनीच्या हातात द्या, ती तरी घाबरत नाही कशाला."

डॉक्टरांनी डोळ्यांवर भिंगं चढवली. टोकदार सळई हातात घेतली, बारीक, सुईसारखी. तुकड्याच्या माथ्यावर ती टेकवून उलट्या दिशेला हळूहळू ढकलायचं असतं, केसाएवढं, पुन्हा केसाएवढं. त्यांनी सळई वन्संच्या तोंडापर्यंत नेली.

हात कापत होता.

बावीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं मी ते. सळईचं टोक थरथरत होतं, दिव्याखाली अगदी स्पष्ट. त्यांनीही बघितलं. सळई ट्रेमध्ये ठेवली आणि भिंगं काढायला हात वर नेला.

मी म्हटलं, "डॉक्टर, तुमच्या हाताला काहीही झालेलं नाही. पाना मेलाय. मी मारलाय तो."

"काय?"

"दोन वर्षं पस्तीसवर ताणून ठेवला. पाकिटात, कुकरमध्ये, कपाटात. एकदाही सैल केला नाही, एकदाही उघडून धुतला नाही. काटेवाल्याने वजन टांगून बघितलं. पाचशेला सुटायचा तो तीनशेला सुटतो. तीनदा बघितलं, एकदा मी स्वतः. तुम्ही आवळलात ते बरोबरच आवळलंत. पाना आधीच सुटत होता. मॅडमचेही दोन तसेच गेले. हात कुणाचाच गेला नाही."

 थुंकी ओढायची नळी तेवढी वन्संच्या ओठाला लटकून सुर्र सुर्र करत होती.

"कधी कळलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"सोमवारी."

"आज शुक्रवार आहे."

"हो."

सूनबाई म्हणाली, "मावशी, मी सांगितलं होतं तुम्हाला." ओरडून नाही म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"सांगितलं होतंत. दोनदा. मी ऐकलं नाही, कारण तुम्ही सांगितलं होतं म्हणून."

वन्संनी नळी तोंडातून उपटली आणि उठून बसल्या. "म्हणजे बुधवारी फोन आला तो ह्यासाठी! काळजी म्हणे! अगं, सरळ सांगायचंस की, वन्सं, दात तुटणार आहे! मी काय तुला खाल्लं असतं? खायला दात तरी होता का माझ्याकडे?"

"चुकलं माझं, वन्सं."

त्यांनी डोळे बारीक केले. "हे परत एकदा म्हण."

"चुकलं माझं."

"तेहतीस वर्षांत पहिल्यांदा," त्या सूनबाईला म्हणाल्या, आणि आडव्या झाल्या.

डॉक्टर माझ्याकडे बघतच नव्हते. पाना त्यांनी ट्रेमधून उचलला, रिंग फिरवली, अंगठ्याने दांडा दाबून बघितला. कट्ट. पुन्हा दाबला. कट्ट. चौथ्या वेळी त्यांनी डोळे मिटले. ते काय ऐकत होते कुणास ठाऊक. मग पाना सुनेच्या हातात दिला आणि मला म्हणाले, "बाहेर हो."

बावीस वर्षांत मला त्यांनी कधी अगं-तुगं केलं नव्हतं. हो म्हणाले, व्हा म्हणाले नाहीत.

मी बाहेर जाऊन बाकावर बसले, पेशंटसारखी. तिथून दाराच्या काचेतून नुसता दिवा दिसतो. अकराला पाच कमी होते. एक बाई दाढ धरून बसली होती, तिने विचारलं, खूप वेळ लागेल का? मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, तुम्ही इथेच काम करता ना? ह्याचंही उत्तर मला माहीत नव्हतं.

आतून आवाज येत होते, थांबत होते. सूनबाई म्हणत होती, "फिरला का?" आणि डॉक्टर, "नाही." बराच वेळ नुसतंच काही नाही. मग वन्संचा खोकला आणि सगळं थांबलं.  पुन्हा सळईचा बारीक आवाज. सव्वाअकरा. "आता?" "किंचित. दिवा इकडे घे." साडेअकरा. "बाबा, थोडं थांबा, हात मोकळा करा." "हाताला काही झालेलं नाही." हे त्यांनी जरा मोठ्यानेच म्हटलं.

पावणेबाराला काहीच ऐकू येईना. मी उभी राहिले. दाढवाली बाईही उभी राहिली, तिला कशाची काही कल्पना नसताना.

"बाई!"

आत गेले. आता सांगतील, चाव्या ठेवा आणि चला. पांढऱ्या कापसाच्या बोळ्यावर एक काळपट कण होता, मोहरीएवढा. वन्संच्या डोळ्यांतून कानांपर्यंत पाणी वाहिलेलं, पण अंगठा वर केलेला. सूनबाईच्या कपाळावर केस चिकटले होते. डॉक्टर तोंडावरच वाकलेले, भिंगं खुंट्यात रोखलेली.

"आटे शाबूत आहेत," ते म्हणाले. कुणाला म्हणाले माहीत नाही. मग म्हणाले, "एकतीसच्या एकतीस पेशंटना बोलवायचं. फोन तुम्ही करायचे. कुणामुळे ते सांगायचं. नवा पाना येईपर्यंत आवळायचं काही नाही, आज हातानेच बसवतो. हत्यारं सोमवारपासून सूनबाई तपासेल, तिने पास केल्याशिवाय पाकीट बंद नाही."

"बरं."

"नवा स्क्रू."

आणि हात मागे केला, माझ्याकडे, मान न वळवता.

स्क्रूचं पाकीट सूनबाईच्या कोपराशी होतं. माझ्यापासून चार पावलं. मी तिच्याकडे बघितलं. ती जागची हलली नाही, दिवा धरून उभी राहिली.

मी हात धुतले. कोपरापर्यंत, घाई न करता, दोनदा. हातमोजे चढवले. पाकिटावरची तारीख वाचली, आतला माल शुद्ध झाला की रंग बदलते ती पट्टी बघितली, फाडलं. एवढा वेळ गेला त्यात, आणि एवढा वेळ त्यांचा हात तसाच मागे होता, उघडा.

त्यांच्या तळहातावर मी स्क्रू ठेवला. फुंकरीने घरंगळेल अशी ती वस्तू. जिथे ठेवली तिथेच राहिली.